स्क्रीन रेकॉर्डिंग टाइमलाइनवर अडखळते आणि आवाज मागे पडत जातो: दोष संगणकाचा की फाइलचा?

शिरोली_पॅटर्नशॉप यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे नमुने (पॅटर्न) जिथे बनतात तिथे, काम करतो. फाउंड्रीत नव्याने लागलेल्या मुलांना ड्रॉइंग पाहून कॅडमध्ये (संगणकावर आराखडे करण्याच्या प्रोग्राममध्ये) पॅटर्न कसा उभा करायचा हे समजावे, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी पडद्यावरचे काम बोलत बोलत रेकॉर्ड करतो. एकेक पाठ साधारण ४० मिनिटांचा होतो. रेकॉर्डिंग लॅपटॉपसोबतच आलेल्या रेकॉर्डरवर केलेले आहे.

फाइल साध्या प्लेअरमध्ये व्यवस्थित चालते, पण तीच व्हिडिओ एडिटरच्या टाइमलाइनवर (तुकडे मांडून कापायच्या पट्टीवर) ठेवली की चित्र झटके देत पुढे सरकते. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे आवाज जुळलेला असतो. नंतर तो हळूहळू मागे पडतो आणि पाठाच्या शेवटी मी "या कडेला दीड अंशाचा ड्राफ्ट द्या" (ड्राफ्ट म्हणजे पॅटर्न साच्यातून सहज निघावा म्हणून दिलेला उतार) असे म्हणेपर्यंत कर्सर पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, जाऊन पोहोचलेला असतो. शिकणाऱ्याने नेमकी कोणती कड धरायची, हेच त्यामुळे कळेनासे होते. मी टाइमलाइनवरचे प्लेबॅक रिझोल्यूशन पाव केले, इतर सर्व प्रोग्राम बंद केले, तरी फरक पडला नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी रॅम ८ जीबीवरून १६ जीबी करण्यास सांगितले आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

रंकाळा_एडिट यांचे उत्तर

रॅम तूर्त घेऊ नका. रॅम कमी पडल्यास प्लेबॅक अडखळू शकतो, पण रेकॉर्ड झालेला आवाज मिनिटागणिक थोडा थोडा मागे सरकणे हे रॅमचे लक्षण नव्हे. फाइल साध्या प्लेअरमध्ये नीट चालते आणि टाइमलाइनवर बिघडते, ही आपण सांगितलेली गोष्टच सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

बरेच स्क्रीन रेकॉर्डर पडद्यावर काही हालत नसेल तेव्हा नवी फ्रेम (चलचित्रातले एकेक स्थिर चित्र) लिहीतच नाहीत. आपण कर्सर थांबवून बोलत राहिलात तर एकच फ्रेम अर्धा सेकंदही टिकते, आणि मॉडेल फिरवायला घेतलेत की सेकंदाला ६० फ्रेम लिहिल्या जातात. यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते आणि प्लेअर ती नोंद पाळतो. एडिटरची टाइमलाइन मात्र ठरावीक मापाने आखलेली असते. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर प्रत्येक घर एक तीसांश सेकंदाचे. काही एडिटर वेळेच्या नोंदी वाचून फ्रेम योग्य घरात बसवतात, तर काही सर्व फ्रेम सारख्याच अंतरावर आहेत असे धरून चालतात. आवाज मात्र सेकंदाला ४८,००० नमुने अशा अढळ गतीने चाललेला असतो. फ्रेम कमी असल्या की चित्र लवकर संपत जाते आणि आवाज मागे राहतो. कर्सर आपल्या बोलण्याच्या पुढे निघून जातो, तो याच कारणाने.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची कळ हाताने फिरवली जाई आणि फ्रेमचा वेग फिरवणाऱ्याच्या हातावर ठरे. मूकपटात ते खपून गेले. बोलपट आल्यावर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारी फिल्मवरच आली आणि सेकंदाला २४ फ्रेम हा वेग कायम करावा लागला. आपल्या फाइलला आज नेमकी तीच शिस्त लावायची आहे.

प्रथम मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रामात फाइल उघडून 'फ्रेम रेट मोड' पाहा. तिथे 'व्हेरिएबल' असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडा, त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा आणि गुणवत्ता आरएफ १८च्या आसपास ठेवा (हा आकडा जितका कमी तितके चित्र चांगले), म्हणजे ड्रॉइंगवरचे बारीक आकडे फुटणार नाहीत. हे काम एकही कट देण्यापूर्वी करावे. आधीच कापलेल्या टाइमलाइनवर मूळ फाइलच्या जागी नवी फाइल जोडली तर कट जागेवरून सरकण्याची शक्यता असते आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.

शिरोली_पॅटर्नशॉप

आपले मनःपूर्वक आभार. मोड 'व्हेरिएबल'च निघाला आणि किमान व कमाल फ्रेम रेटच्या आकड्यांत फार मोठे अंतर होते. सांगितल्याप्रमाणे रूपांतर केले आणि आता ४० व्या मिनिटालाही आवाज व कर्सर जुळलेले आहेत. दोन अडचणी मात्र उरल्या आहेत. टाइमलाइनवर मागे-पुढे ओढत कटची जागा शोधताना चित्र गोठते आणि सेकंदभराने उडी मारते. शिवाय कोअर बॉक्सचे (ओतीव वस्तूतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याच्या साच्याचे) मॉडेल फिरवतानाचा साधारण चार मिनिटांचा भाग सरळ चालवला तरी तुटकच दिसतो.

पंचगंगा_काठ यांचे उत्तर

या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात.

ओढताना चित्र गोठते ते एच.२६४ या व्हिडिओ लहान करून साठवण्याच्या पद्धतीच्या रचनेमुळे. त्यात संपूर्ण चित्र अधूनमधूनच साठवले जाते आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ बदल लिहिले जातात. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये (त्या पद्धतीने फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामात) दोन पूर्ण चित्रांमधले अंतर, वेगळे काही सांगितले नसेल तर, २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ३० फ्रेमच्या हिशेबाने आठ सेकंदांहून अधिक. आपण त्यातल्या दोनशेव्या फ्रेमवर बोट ठेवले की संगणकाला पहिल्या चित्रापासून तिथपर्यंतचे सगळे बदल उलगडत यावे लागते. पडदा स्थिर असतो तेव्हा अशी फाइल अतिशय लहान होते, हा तिचा गुण आहे. कापायला बसल्यावर तोच आडवा येतो. प्लेबॅक रिझोल्यूशन कमी करूनही ही उलगड सहसा टळत नाही, त्यामुळे आपला तो उपाय लागू पडला नसावा.

यावर प्रॉक्सी, म्हणजे फक्त कापताना वापरायची वेगळी प्रत, करणे हा उपाय आहे. डीएनएक्सएचआर या संपादनासाठीच्या व्हिडिओ प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. त्यातला एलबी हा हलका प्रकार १०८० रिझोल्यूशनला ३० फ्रेमवर सेकंदाला सुमारे ४५ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाला साधारण २० जीबी. आपला एक पाठ १३-१४ जीबीत बसेल. कापताना प्रॉक्सी वापरावी आणि अंतिम एक्स्पोर्ट रूपांतरित फाइलवरूनच काढावा. प्रॉक्सी मूळ रेकॉर्डिंगवरून करू नका, नाहीतर वेळेचा जुना दोष तिच्यातही उतरू शकतो.

त्या चार मिनिटांबद्दल मला वेगळी शंका आहे. तो भाग उघडून बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. मॉडेल फिरत असताना चार-पाच फ्रेम हुबेहूब सारख्या येऊन मग एकदम मोठा बदल दिसला, तर मधल्या फ्रेम रेकॉर्डच झालेल्या नाहीत. कॅडचे मॉडेल फिरवणे आणि पडद्याचे रेकॉर्डिंग ही दोन्ही कामे एकाच ग्राफिक्स कार्डावर पडतात. कार्ड पूर्ण गुंतले की रेकॉर्डरच्या वाट्याला काही उरत नाही. ज्या फ्रेम टिपल्याच गेल्या नाहीत, त्या कोणत्याही रूपांतराने परत येत नाहीत.

यापुढे ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामवर रेकॉर्ड केल्यास बरे. ते ठरावीक फ्रेम रेटनेच फाइल लिहिते. कीफ्रेमचे (पूर्ण चित्रांमधले) अंतर १ सेकंद ठेवा आणि फाइल एमकेव्ही या प्रकारात घ्या. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचे काम हाती राहते. विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू केल्यास ग्राफिक्स कार्डावर त्याला प्राधान्य मिळते. रेकॉर्डिंग चालू असताना स्टॅट्सची (आकडेवारीची) खिडकी उघडी ठेवावी. रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर कार्डावर ताण आहे, आणि एन्कोडिंगमुळे गाळलेल्या फ्रेमचा वाढत असेल तर एन्कोडरचे सेटिंग हलके करावे.

शिरोली_पॅटर्नशॉप

काल रात्री बाणाची कळ दाबत तो भाग पाहिला. कोअर बॉक्स सहा फ्रेम एकाच जागी उभा आणि सातव्या फ्रेमला थेट पाव फेरा फिरलेला, असे पुन्हा पुन्हा दिसले. प्रॉक्सी केल्यावर बाकीचा पाठ बोटासरशी पुढे-मागे होतो आहे. ती चार मिनिटे आज ओबीएसवर पुन्हा रेकॉर्ड केली. पहिल्या वेळी हुकलेल्या फ्रेमचा आकडा मॉडेल फिरवताच वाढू लागला, म्हणून कॅडमधल्या सावल्या आणि चकाकी बंद करून साध्या छटेत मॉडेल फिरवले आणि मग तो आकडा शेवटपर्यंत शून्यावर राहिला. रॅम घेतलेली नाही.