विषय: ठाणे मेळावा, तिसऱ्या फलकावरची रेषा (तातडीचं)

माधवी (सध्या ठाण्यात)
मंडळी, नौपाड्यातल्या छपाईवाल्याला उद्या दुपारपर्यंत फाइल दिली नाही, तर फ्लेक्स शनिवारी हातात पडणार नाही. बाकीचे फलक झाले, तिसऱ्यावर अडलंय. खून झालेले अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉ. दाभोलकर, कम्युनिस्ट नेते कॉ. पानसरे, कन्नड विद्वान प्रा. कलबुर्गी आणि पत्रकार गौरी लंकेश यांचे फोटो एका जाड लाल रेषेने जोडलेत, म्हणजे चारही खून एकमेकांशी जोडलेले आहेत असं. मागच्या मेळाव्यात जे झालं त्यानंतर हे मी एकटीच्या जबाबदारीवर छापायला देणार नाही. रेषा ठेवायची की काढायची, तेवढं सांगा.

विनायक, टोरांटो
ठेव. चौघांवरही ७.६५ मिमीच्या गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, मारेकरी दुचाकीवरून आले. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघाले होते. पानसरे १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात पत्नी उमाताईंबरोबर फिरून परत येत होते. कलबुर्गींना त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला घरी येऊन मारलं, गौरींना ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळुरूत दारातच. शेवटच्या दोघांना लागलेल्या गोळ्या एकाच पिस्तुलातल्या असल्याचा अहवाल कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने दिलाय. अजून काय हवं? रेषा काढली की चार सुटे खून उरतात आणि बघणारा पुढच्या फलकाकडे जातो.

शरयू, लेस्टर
विनायकदादा, प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. दाभोलकरांच्या खटल्यात १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, ती मुख्यतः प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर. बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. गोळ्या कुणी झाडल्या हे ठरलं, झाडायला कुणी सांगितलं हे नाही. पानसऱ्यांच्या प्रकरणात दोघे फरार आहेत, उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तपासावरची देखरेख थांबवली आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन मिळाला.

पिस्तुलांचंच बघा. प्रयोगशाळांच्या मतांचा मेळ बसेना, म्हणून सीबीआय गोळ्या लंडनच्या पोलिसांकडे, म्हणजे स्कॉटलंड यार्डकडे पाठवणार होती. दोन देशांत तसा करार नाही म्हणून तेही बारगळलं. इतक्या सैल धाग्यावर जाड लाल रेषा ओढली, तर उद्या कुणीही उठून म्हणेल की मंडळाने स्वतःच निकाल लावला. मला हे खून जोडलेले वाटतात. म्हणूनच आपलं एकही अक्षर कुणाला खोडून काढता येऊ नये असं वाटतं.

वसंतकाका, जर्सी
फलक ठाण्यात लागणार आणि ठाण्याचं नावच नाही, हे मला पटत नाही. ४ जून २००८ ला गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला, त्याआधी काही दिवस वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला. माझी धाकटी बहीण त्या दिवशी गडकरीला होती. स्कूटर खालीच अडकली, तलावपाळीच्या कडेने चालत घरी आली आणि फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं. त्या प्रकरणात २०११ साली शिक्षा झालेला एकजण पुढे दाभोलकर खटल्यात आरोपी होता. हे लोकांना कळायला नको?

शरयू, लेस्टर
काका, ताईंचं ऐकून वाईट वाटलं. पण तो माणूस दाभोलकर खटल्यात २०२४ ला निर्दोष सुटलाय. त्याला रेषेने जोडणं म्हणजे न्यायालयाने सोडलेल्याला आपण पुन्हा बांधणं. अपिलात काही बदललं तर जरूर घालू.

प्रशांत, कळवा (मेळाव्याच्या तयारीत)
काका, ठाण्याचं नाव यायलाच हवं, पण ते खाडीमुळे. दाभोलकर प्रकरणातलं पिस्तूल सुटं करून ठाण्याच्या खाडीत टाकल्याचं आरोपीने सांगितलं, त्यावरून सीबीआयने परदेशी पाणबुडे आणून खारेगावच्या पुलाजवळ शोध घेतला आणि मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल वर काढलं. आमच्या वाड्यातली मुलं तिथे खेकडे धरायची. ओहोटीला पोटरीभर काळा चिखल, त्यात गेलेली चप्पलसुद्धा परत मिळत नाही. खुनाला तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती. पहिल्याच महिन्यांत तपास नीट झाला असता तर खाडी उपसायची वेळ का आली असती, हा प्रश्न फलकावर हवा.

विनायक, टोरांटो
प्रशांतशी सहमत. पण रेषा काढू नका, ही विनंती पुन्हा करतो. पानसऱ्यांच्या सभेला मी कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभा राहिलो आहे. त्या माणसाचा फोटो एका कोपऱ्यात एकटा बघवणार नाही.

सुनंदा, फलक उपसमिती
रंग, रेषा आणि मांडणी उपसमितीत ठरते, तीही कार्यकारिणीच्या सांगण्यावरून. हा विषय आधी आमच्याकडे यायला हवा होता. तरी घाई आहे म्हणून सांगते. जाड लाल रेषा जाईल, तिच्या जागी फोटोंमध्ये बारीक काळी रेषा येईल. प्रत्येक रेषेखाली ते कुणाचं म्हणणं आहे ते लिहू : प्रयोगशाळा, सीबीआय, कर्नाटकचं विशेष तपास पथक (एसआयटी) की न्यायालय. जिथे न्यायालयाने काहीच ठरवलेलं नाही तिथे ‘खटला चालू’ किंवा ‘सूत्रधार कोण हे सिद्ध नाही’ असं स्पष्ट येईल.

शरयू, लेस्टर
मला मान्य. चारही मजकूर मी लिहून देते. २०२४ च्या निकालाचं वाक्य वकिलाच्या नजरेतून एकदा जाऊ दे.

माधवी
ठरलं तर. शरयू, मजकूर ठाण्याच्या वेळेने रात्री दहापर्यंत पाठव. प्रशांत, खाडीबद्दल दोनच ओळी दे, मार्च २०२० हा महिना त्यात हवाच. वसंतकाका, गडकरीचं फलकावर नको, पण शनिवारी पहिल्या सत्रात तुम्हाला पाच मिनिटं ठेवली आहेत, ताईंनाही घेऊन या. विनायकदादा, फोटो चौघांचे एकाच ओळीत आणि सारख्याच मापाचे येतील. फ्लेक्स आणायला टेम्पो लागेल, कुणाच्या ओळखीचा असेल तर आजच कळवा.