12 जुलैची बस: कसिनो की मोंतोने? आज संध्याकाळपर्यंत सांगा

मंदार:
मंडळी, बसवाल्याला आज कळवायचंय. 10 तारीख, म्हणजे नाईक यशवंत घाडगेंचा स्मृतिदिन, शुक्रवारी येते म्हणून रविवार धरलाय, त्यावर परत वाद नको. रोमच्या तिबुर्तिना स्टेशनवरून सकाळी सात. जायचं कुठे तेवढं ठरवा. मीटिंगच्या वहीत नुसतं "घाडगेंच्या समाधीवर" लिहिलंय.

सुलभाताई:
अरे, समाधी कुठली? ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांवर जणांची नावं कसिनोच्या युद्धस्मारकावर आहेत, त्यात यशवंतचं एक. तो दुसऱ्या महायुद्धात पडला वर, तिबेर नदीच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 ला. तिथल्याच मोंतोने गावच्या ग्रामस्थांनी आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी 2023 मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. तिकडेच जाऊ.

गिरीश:
दोन्ही करू की एका दिवसात.

मंदार:
गिरीशदादा, कसिनो रोमच्या दक्षिणेला, मोंतोने पेरुज्याच्याही वर. ड्रायव्हरच्या तासांवरून मागच्या सहलीत काय झालं ते आठवतंय ना?

अनिकेत:
पथकातर्फे विचारतो. चार ढोल, दोन ताशे डिकीत बसतील का?

सुलभाताई:
ढोल? बावीस वर्षांचं पोर गेलं तिथे, अनिकेत. आणि वाद्यांचं सांस्कृतिक समिती ठरवते, पथक नाही.

अनिकेत:
काकू, त्याच्या मराठा रेजिमेंटची युद्धघोषणाच "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" आहे. ती दिलेली चालेल, ढोल चालणार नाही?

विद्याधर:
ढोलाचं राहू द्या. लढाई इंग्रजांची, त्याला मिळालेलं शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, तेही इंग्रजांचं. मंडळाच्या पैशानं आपण कशासाठी जातोय? मी आधीही म्हटलं होतं.

रोहिणी:
विद्याधरकाका, माझं माहेर माणगाव. तहसील कचेरीपाशी त्याचा पुतळा आहे. शाळेत असताना आमच्यासाठी ती भेटायची खूण होती, "पुतळ्यापाशी थांब" म्हणायचो, बाकी कुणाला काही पत्ता नसायचा. त्याच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेलेले किंवा जखमी. हा नाईक हुद्द्याचा सैनिक एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावला. ग्रेनेडनं गन बंद पाडली, एकाला हातातल्या टॉमीगननं (छोट्या मशीनगननं) मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना तीच गन उलटी धरून मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागून पडला. त्या घटकेला त्याच्या डोक्यात लंडनचा राजा असेल असं मला तरी वाटत नाही. इटलीत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदुस्थानी सैनिकांना.

विद्याधर:
शौर्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. खर्चाबद्दल बोलतोय.

गिरीश:
खर्चाचं खजिनदार बघेल, म्हणजे मी. रोहिणी, माणगावला कुणाच्या घरच्या? माझे मामा तिथेच एसटीत होते.

मंदार:
मोंतोने पक्कं धरतो. पथकाला एक ताशा, तोही गावाबाहेर. सुलभाताई, पटतंय का? बस वरपर्यंत जाणार नाही, थोडा चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मला वेगळं कळवा, म्हणजे एखादी गाडी सोबत ठेवता येईल.

सुलभाताई:
ताशाही नको. हार मी आणते, गेल्या वेळसारखा प्लास्टिकचा कुणी आणू नका.

गिरीश:
कुणाचे मामा म्हणून नाही विचारलं, खरंच विचारलं. रोहिणी?