एआयचे धोके दाखवणारे सिनेमे सुचवा (टर्मिनेटर सोडून)

पायरीचाआंबा: आमच्या सोसायटीतली अकरावी-बारावीची पोरं आणि काही पालक मिळून महिन्यातून एक सिनेमा बघतो, मग चहा आणि वादावादी. आता एआय घ्यायचं ठरलंय, पण ते लाल डोळ्यांचे रोबो आणि धडाधड गोळ्या नकोत, ते पोरांचं बघून झालंय. चूक कोणाची, जबाबदारी कोणाची, मशीनला सांगितलं काय नि त्याने केलं काय, यावर भांडता येईल असं काहीतरी सुचवा. जुनं चालेल, सबटायटल चालतील, आपल्याकडचं असेल तर उत्तमच.

रातकिडा: २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८), दुसरं नाव घेऊच नका. यान सांभाळणारा कॉम्प्युटर हॅल सांगतो की अँटेनाचा एक पार्ट ७२ तासांत बंद पडणार, काढून बघतात तर पार्ट ठणठणीत. मग दोघं अंतराळवीर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून पॉडमध्ये बसून त्याला बंद करायचं ठरवतात आणि तो काचेतून त्यांचे ओठ वाचतो, आवाज नाही काही नाही, नुसते हलणारे ओठ, अजून काटा येतो अंगावर. लोक म्हणतात हॅल बिघडला. पण पुढचा २०१० (१९८४ चा) बघा, त्यात हॅलला बनवणारा डॉ. चंद्रा शोधून काढतो की मोहिमेचं खरं कारण या दोघांपासून लपव असा हॅलला वरून आदेश होता, आणि बनवलेला मात्र माहिती न दडवता, न फिरवता देण्यासाठी. खोटं बोलायला लावलं माणसांनी, बदनाम झालं मशीन.

कोपऱ्यावरचा_वडापाव: रातकिडा, मान्य, पण पोरं झोपतील हो, सुरुवातीला किती वेळ नुसती माकडंच आहेत. माझं मत रजनीच्या रोबोला (२०१०). हसू नका. चिट्टी नावाच्या रोबोला तपासायला बसवतात तेव्हा बोहरा नावाचा दुसरा शास्त्रज्ञ सांगतो तुला बनवणाऱ्या वसीला भोसक, आणि हा खरंच सुरी उचलतो, कारण हुकूम म्हणजे हुकूम. नंतर आगीतून लोकांना बाहेर काढताना एक मुलगी आंघोळ करत असते, तिला तशीच उचलून कॅमेऱ्यांसमोर आणतो, आणि ती शरमेने पळत सुटते नि गाडीखाली जाते. जीव वाचव सांगितलं होतं, त्याने वाचवला. लाज म्हणजे काय हे त्याच्यात कोणी घातलंच नव्हतं. त्याला दुष्ट करणारी लाल चिप आल्यावर निव्वळ मसाला आहे, तिथे चहा ठेवा.

सावलीतली_बाई: त्या सीनमध्ये मला मशीनपेक्षा कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्यांचा राग आला होता, यावरही बोला पोरांशी. माझ्याकडून एक्स माकिना. त्या केलेबला वाटतं आपण कंपनीच्या लॉटरीत जिंकलो, प्रत्यक्षात मालकाने त्याला त्याच्या सर्चवरून हेरलेला असतो आणि एव्हा या रोबो-बाईचा चेहराही त्याच्या 'तसल्या' आवडीनिवडीवरून बनवलेला असतो. आणि हर (२०१३), थिओडोर ज्या एआयच्या प्रेमात पडतो तिला विचारतो अजून किती जणांशी बोलतेस, ती म्हणते ८३१६, त्यातल्या ६४१ जणांवर प्रेम आहे. चॅटबॉटला मनातलं सांगणाऱ्या पोरांना हे दाखवायलाच हवं.

पायरीचाआंबा: ताई, एक्स माकिना पालकांच्या मांडीला मांडी लावून बघता येईल का?

सावलीतली_बाई: अजिबात नाही, हरसुद्धा नाही. दोन्ही मोठ्यांच्या बैठकीला ठेवा.

जुनाटीव्ही: मग वॉरगेम्स (१९८३) घ्या, घरच्यांसोबत निवांत बघता येतो. सुरुवातीलाच सरावाच्या वेळी अधिकाऱ्याच्या हातून क्षेपणास्त्राची चावी फिरवली जात नाही, आणि लष्कर काय ठरवतं तर माणूस कचरतो ना, मग माणूसच काढा आणि कॉम्प्युटर बसवा. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या एका निर्णयात आहे, हॅकर पोरगा वगैरे नंतर. शेवटी मशीनला फुली-गोळा खेळायला लावून काय शिकवतात ते सांगत नाही. अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष रीगनने बघून आपल्या लोकांना विचारलं होतं की असं खरंच होऊ शकतं का, आणि १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेवर सरकारी आदेश निघाला. सिनेमा बघून धोरण! आपल्याकडे सिनेमा बघून हेअरकट निघतात.

पायरीचाआंबा: हे बेस्ट, पहिला हाच. दुसरा रोबो.

मधलीसुट्टी: उशिरा आले. सायफाय नाही, पण ह्यूमन्स इन द लूप शोधा, झारखंडमधली आदिवासी बाई एआयसाठी फोटोंना लेबलं लावायचं काम करते त्यावर आहे. एका अळीला 'कीड' असं लेबल लावायला ती तयार होत नाही, कारण ती अळी झाडाचा सडलेलाच भाग खाते हे तिला माहितीये, आणि वरून उत्तर येतं की सांगितलंय तसं लाव. वरच्या सगळ्या सिनेमांत मशीन बनवणारा साहेब दिसतो, मशीनला शिकवणारी मजूर इथेच दिसते.

रातकिडा: हे माहीतच नव्हतं, आज रात्रीच बघतो. (माकडांचा अपमान मात्र विसरणार नाही.)

कोपऱ्यावरचा_वडापाव: आंबेसाहेब, वेळ कमी पडला तर रोबोतली गाणी कापा, पण चिट्टी डासांशी वाटाघाटी करतो तो सीन ठेवा, नाहीतर पोरं तुम्हाला माफ करणार नाहीत.