सल्ला हवा: हैतीतील गुलामांच्या उठावावर 500 रुपयांत एकच पुस्तक

वाचनालय_मीनाक्षी: ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मला या विषयावर बोलायचे आहे. सँ-दोमँग (आजचे हैती) या फ्रेंच वसाहतीत 1791 साली उसाच्या मळ्यांवर पेटलेल्या बंडातून 1804 मध्ये स्वतंत्र राष्ट्र कसे उभे राहिले, हे नीट सांगणारे एकच पुस्तक सुचवावे. इंग्रजी चालेल.

जुनापुराणा: सी. एल. आर. जेम्स यांचे 1938 सालचे 'द ब्लॅक जॅकोबिन्स' डोळे झाकून घ्यावे. मात्र पदपथावरून घेऊ नये. माझ्या प्रतीत नेमकी बंडाचे नेते तुसाँ लूव्हेर्त्युर यांच्या अटकेची पाने गायब होती.

पारिजात: लॉरां द्युब्वा यांचे 2004 सालचे 'अव्हेंजर्स ऑफ द न्यू वर्ल्ड' मी परदेशातून मागवले. तुमच्या रकमेच्या कितीतरी पट खर्च झाला, पण तो सार्थकी लागला. कॅरिबियन बेटांवर चरकाच्या लाटांत मजुराचा हात सापडला, तर तो तोडण्यासाठी शेजारीच कुऱ्हाड ठेवलेली असे. हे आधी सांगितल्याशिवाय मळ्यांना आगी का लावल्या गेल्या, हे श्रोत्यांना उमगणार नाही.

सह्याद्री_वाचक: मीही जेम्सच सुचवेन, पण तुसाँना देव्हाऱ्यात बसवू नये. त्यांच्या 1801 च्या राज्यघटनेने गुलामी कायमची रद्द केली, तरी मुक्त झालेल्यांना मळ्यांनाच बांधून ठेवले. त्याच वर्षी मजुरांनी बंड केले, तेव्हा मोइझ या आपल्या मानलेल्या पुतण्याला तुसाँनी गोळ्या घालायला लावल्या.

जुनापुराणा: साखर आणि कॉफी परदेशी गेली नसती, तर दारूगोळा कशाच्या जोरावर आला असता? नेपोलियनने धाडलेली फौज 1802 मध्ये सँ-दोमँगला येऊन थडकली आणि त्याच वर्षी त्याने ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामी पुन्हा लादली. तुसाँ स्वतः 1803 मध्ये फ्रान्सच्या किल्ल्यात कैदी म्हणून वारले. तेव्हा धोका खराच होता.

सह्याद्री_वाचक: धोका होता, हे मान्य, पण त्याची किंमत पुन्हा मळ्यावरच्या मजुरानेच का मोजावी?

फुलेवाचक: आधी महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' वाचावी. 1873 मध्ये त्यांनी ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. स्वस्तही मिळते.

वाचनालय_मीनाक्षी: सर्वांचे आभार. मी यांपैकी काहीच विकत घेणार नाही. 1801 च्या राज्यघटनेचा अनुवाद महाजालावर मोफत आहे. गुलामी रद्द करणारे तिसरे कलम आणि मळ्यांविषयीची कलमे लागोपाठ वाचून दाखवीन, आणि त्या 500 रुपयांतून श्रोत्यांसाठी प्रती काढीन.

पारिजात: तसे केल्यास 1825 ची गोष्ट राहून जाईल. फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेमालकांच्या नुकसानीपोटी हैतीकडून 15 कोटी फ्रँक मागितले आणि त्यापायी काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता 1947 साली फिटला. निदान तेवढे तरी सांगावे.