वाचनालयाच्या वहीत नाव दादाचं

ओवी
परवा एका ग्रुपवर पुन्हा तेच ऐकलं: विज्ञानकथा पुरुषांच्या, जादूच्या आणि राजा-राक्षसांच्या गोष्टी बायकांच्या. "यानं, इंजिनं यात बायकांचं मन रमत नाही." मला हे मुळीच पटत नाही.

शाळेत असताना डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयाचं खातं दादाच्या नावावर होतं, पण पुस्तकं बदलायला मी जायचे. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, मिळेल ते आणायचे. काउंटरवरचे काका जाड वहीत दादाचं नाव लिहायचे आणि म्हणायचे, "दादाला सांग, नवीन आलंय." दादा क्रिकेटवाला. त्यातलं एकही पुस्तक त्यानं उघडलं नाही. उद्या कोणी ती वही काढून हिशेब मांडला, तर विज्ञानकथा मुलगेच वाचतात असंच निघेल!

अमेरिकेत स्टार ट्रेक या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं हौशी मासिक १९६७ साली निघालं, 'स्पॉकानालिया'. संपादक दोघी बायका, देव्हरा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड. मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा पत्रांची मोहीम उभी केली बीजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन यांनी. पत्रांचा इतका पाऊस पडला की १ मार्च १९६८ ला ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीनं भाग संपल्यावर टीव्हीवरूनच जाहीर केलं, मालिका चालू राहणार. तरी 'ट्रेकी', म्हणजे या मालिकेचा चाहता, म्हटलं की डोळ्यांसमोर चष्मेवाला मुलगाच येतो. का?

धूमकेतू७७
ओवी, तुमच्या वहीचा किस्सा खरा असणार, पण शितावरून भाताची परीक्षा सगळीकडे चालत नाही. त्याच मोहिमेत जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाचे दोनशेवर विद्यार्थी मशाली घेऊन एनबीसीच्या बरबँकच्या स्टुडिओवर चालून गेले होते. ती पोरंच होती ना? १९७५ मध्ये यानांचे नकाशे आणि तांत्रिक पुस्तिका काढली ती फ्रान्झ जोसेफनं. बायकांनी काय लिहिलं? पात्रांच्या आपसातल्या नात्यांच्या गोष्टी. यात कमीजास्त काही नाही, जीव लावायच्या दोन तऱ्हा आहेत. फरक आहे म्हटलं की लगेच अन्याय कसा होतो?

ओवी
कॅलटेकनं १९७० पर्यंत पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेशच दिला नव्हता. मग मशाली कोणाच्या हातात दिसणार?

आणि यंत्रांचं, याद्यांचं वेड म्हणाल, तर मालिकेतला प्रत्येक ग्रह, प्रत्येक यान, प्रत्येक माणूस अकारविल्हे लावणारा कोश डोरोथी जोन्सनं जमवला आणि बीजोनं १९६९ मध्ये छापला. जोसेफच्या पुस्तिकेच्या कितीतरी आधी. जोसेफही या नादाला लागला तो मुलीच्या चाहता क्लबातल्या मंडळींनी केलेल्या वस्तू पाहून.

माजघर
ओवी, मी बाई आहे आणि मला तुमचं बोलणं खटकलं. मी नात्यांसाठीच वाचते. इंजिनाचं वर्णन आलं की सरळ पान उलटते. तुम्ही बायकांचा मान राखायला कोश, याद्या पुढे करता. म्हणजे मोजपट्टी पुरुषांचीच! मालिकेतल्या स्पॉकच्या मनात काय चाललं असेल यावर रात्री जागून पानंच्या पानं टाइप करायची, स्टेन्सिल कापायचं, पदरच्या पैशानं छापायचं आणि टपालानं पाठवायचं, हे वेड कमी प्रतीचं आहे का? ते जसं आहे तसं मोठं म्हणा ना.

ओवी
माजघर, हे मला लागलं, आणि बरोबर आहे. त्या गोष्टींबद्दल मी आधी लिहायला हवं होतं.

तरी माझं दुखणं वेगळं आहे. आधी नाव बघायचं आणि मग त्यावरून आवड ठरवायची, हे मला सलतं. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावानं येणाऱ्या कथा वाचून रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या मुरलेल्या लेखकानं १९७५ मध्ये त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं की हे लेखन बाईचं असूच शकत नाही, त्यात काहीतरी अटळ पुरुषी आहे. दोनेक वर्षांत उघड झालं, टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन! सिल्व्हरबर्गनं पुढे चूक मोकळेपणानं कबूल केली, हे त्याचं मोठेपण. पण इतकं वाचलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या काकांना काय दोष द्यायचा?

पाऊलवाट
थोडं अवांतर, पण आठवलं म्हणून. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या स्वतः गणितज्ञ. मराठी विज्ञानकथेचा तो कागद एका बाईच्या अक्षरात होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

धूमकेतू७७
पाऊलवाट, हे माहीत नव्हतं. ओवी, कॅलटेकचा मुद्दा मागे घेतो. पण फरक नाहीच, हे मान्य करणार नाही. मागच्या महिन्यात मी आणि बायकोनं एकच कथा वाचली. अंतराळवीर परत येतो, तोवर पृथ्वीवर पन्नास वर्षं उलटलेली. मी यानाचा वेग किती असेल यात अडकलो. ती विचारत होती, त्याची आई कधी गेली, त्याला कोणी कळवलं की नाही.

ओवी
आमच्याकडे तो प्रश्न नवऱ्यानं विचारला असता, आणि मी वाणसामानाच्या यादीमागे वेगाचं गणित मांडत बसले असते.