१४ पुरवठादार, ३४ संगणक, ११ प्रकारची कार्ट्रिज: पंचायत समितीची खरेदी एका सुताला कशी आणू?

टेबल_क्रमांक_४

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे. भांडार माझ्याकडे येऊन नऊ महिने झाले. चार्ज घेताना जडवस्तू नोंदवही (टिकाऊ सामानाची नोंद असते ती) आणि प्रत्यक्ष सामान ताडून पाहायला तीन दिवस गेले. ३४ संगणक, १९ प्रिंटर, त्यांना लागणारी ११ प्रकारची कार्ट्रिज, आणि चार वर्षांत हे सगळं ज्यांनी दिलं ते पुरवठादार १४. कोणी नागपूरचा, कोणी यवतमाळचा, दोघे अमरावतीचे, एक थेट पुण्याचा. त्यातल्या पाच जणांचे फोन आता लागतच नाहीत.

असं का झालं ते समजतं. घरकुलाच्या प्रशासकीय खर्चातून दोन संगणक, रोहयोतून एक संगणक नि प्रिंटर, सेसमधून, म्हणजे समितीच्या स्वतःच्या निधीतून, आणखी काही. प्रत्येक योजनेचा पैसा वेगळ्या वेळी येतो, प्रत्येक टेबल आपली तीन दरपत्रकं स्वतः मागवतं आणि निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये मिळेल ते घेतलं जातं. यात कोणाचा हेतू वाईट नाही.

पण त्रास खरा आहे. जूनमध्ये घरकुलाच्या टेबलावरचा संगणक बंद पडला. घेऊन १४ महिने झाले होते, दरपत्रकात तीन वर्षांची वॉरंटी लिहिलेली. पुरवठादाराचा फोन बंद. कंपनीच्या हेल्पलाइनला मागचा स्टिकर वाचून दाखवला तर कळलं की त्यांच्या नोंदीत वॉरंटी एकच वर्षाची, तीही आमच्या बिलाच्या सात महिने आधी सुरू झालेली. ती तारीख दुरुस्त करायला सिरियल नंबर असलेलं बिल हवं. आमच्या बिलावर फक्त "संगणक संच, ०१ नग" एवढंच. पाच आठवडे तो संगणक झाकून पडला होता आणि हप्त्याचे २६ प्रस्ताव त्यातच. एक आजी २२ किलोमीटरवरून एसटीने तीनदा आल्या. पावसाळा तोंडावर, भिंती छातीपर्यंत आलेल्या, आणि मी त्यांना प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणत होते. ते अजून मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली. तिथे कार्ट्रिजचे २३ सीलबंद डबे निघाले. डब्यावरचं नाव आणि प्रिंटरची यादी जुळवली तर नऊ डब्यांचे प्रिंटर आमच्याकडे आता नाहीतच.

साहेब म्हणतात, यापुढे सगळं एकाच पुरवठादाराकडून घेऊ. मला ते अर्धंच पटतं. एकच ठेवला आणि तोही फोन उचलेनासा झाला तर? शिवाय गावात एक दुकानदार आहे, हाक मारली की संध्याकाळी सहा वाजताही येऊन दुरुस्त करून देतो. तो निविदेत टिकणार नाही, आणि त्याला तोडायचं माझ्या मनात नाही. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

जुनी_टिपणी

ताई, मी लेखा शाखेतून निवृत्त झालो, अकोल्याला असतो. आधी तुमच्या साहेबांच्या वाक्याबद्दल. "एकच पुरवठादार" हे टिपणीत असं लिहून चालणार नाही. पुरवठादार आपण ठरवत नाही, स्पर्धेतून ठरतो. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची जी नियमपुस्तिका आली ती एकदा शांतपणे वाचा.

पण तुम्ही जे करू पाहताय ते कार्यालयाच्या हिताचंच आहे. एकाच वर्षात पाच टेबलांनी पाच वेळा संगणक घेतले, प्रत्येक वेळी रक्कम निविदेच्या मर्यादेच्या आत, तर लेखापरीक्षक त्या पाचही रकमांची बेरीज करतो आणि "खरेदीचे तुकडे पाडून निविदा टाळली" असा आक्षेप लिहितो. तुमचा हेतू काय होता ते तो विचारत नाही. मी असे आक्षेप वर्षानुवर्षे निकाली काढत बसलो आहे. कागद शोधता शोधता माणसं निवृत्त होतात.

म्हणून मागणी एप्रिल-मे मध्येच गोळा करा. लेखाशीर्ष (ज्या खात्यातून खर्च पडतो ती) वेगळी आहेत म्हणून खरेदी वेगळी करावी लागते हा गैरसमज आहे. दर एकदाच ठरवायचा. मंजुरीत आणि पुरवठा आदेशात कोणत्या शीर्षातून किती नग हे नमूद करायचं, त्याप्रमाणे देयकं वेगळी घ्यायची. ज्याचा निधी उशिरा येईल त्याचा आदेश दराची मुदत संपायच्या आत काढायचा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. खरेदी एकत्र आली की कराराची किंमत २.५ लाखांच्या वर जाईल. मग देयकातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापावा लागतो, १ ऑक्टोबर २०१८ पासून तो लागू आहे. आजवर तुमची बिलं लहान होती म्हणून हा प्रश्न आला नसेल. पुरवठादाराला आधीच सांगा, म्हणजे नंतर तो रक्कम कमी का आली म्हणून टेबलाशी येऊन उभा राहणार नाही.

संगणक_कक्ष_चंद्रपूर

मी आरोग्याकडच्या एका कार्यालयात संगणक बघतो. आम्ही हे केलंय, पूर्ण व्हायला अडीच वर्षं लागली. माझं म्हणणं एवढंच की पुरवठादार मोजू नका, वस्तूंचे प्रकार मोजा. प्रकार कमी केले की पुरवठादार आपोआप गळतात. उलटं केलं तर एकच माणूस तुम्हाला ११ प्रकारची कार्ट्रिज पुरवत राहील, आणि तीही त्याच्या भावाने.

उदाहरण देतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ला १२ए कार्ट्रिज लागतं, कॅननच्या एलबीपी २९०० ला ३०३. दोन्ही एकमेकांच्या प्रिंटरला बसतात. आमच्याकडे दोन टेबलांवर हे दोन प्रिंटर होते आणि सहा वर्षं तीच वस्तू दोन नावांनी, दोन दुकानांतून, दोन दरांनी येत होती. ताई, तुमचे ते नऊ डबे टाकण्याआधी एकदा लावून बघा.

मग ठरवा: टेबलासाठी संगणकाचा एकच प्रकार, छपाईला एकच प्रिंटर, स्कॅनसाठी एक मोठं यंत्र. ब्रँडचं नाव लिहिता येत नाही, ते योग्यच आहे, पण तांत्रिक वर्णन नेमकं लिहिता येतं. त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवंच, त्याशिवाय विंडोज ११ रीतसर चालत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ३४ पैकी जे त्याच्यावर अडकलेत ते आधी वेगळे काढा. काही नुसत्या एसएसडी आणि रॅमवर आणखी तीन-चार वर्षं ओढतील, ते टीपीएम आणि प्रोसेसर बघून ठरेल. घाईने सगळं बदलू नका. जुनं मरेल तसं नवं एकाच जातीचं आणा.

आता तुमच्या वॉरंटीचं. आदेशात हे शब्द हवेत: वॉरंटी उत्पादक कंपनीची, कार्यालयाच्या पत्त्यावर येऊन दुरुस्तीची, माल मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची, आणि प्रत्येक नगाचा सिरियल नंबर चलनावर व बिलावर. जेमवर (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) घेतलं तर माल मिळाल्याचा व स्वीकारल्याचा दाखला द्यायला १० दिवस असतात. त्या १० दिवसांत खोकी फोडा, प्रत्येक सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख बघा, त्याचं पान छापून फाइलला लावा. तारीख चुकीची असेल तर दाखला देण्याआधीच ती पुरवठादाराकडून दुरुस्त करून घ्या. दाखला दिल्यानंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

यूपीएसचं तर आपल्याकडे वेगळंच आहे. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी २५ अंशांना धरून बनवलेली असते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आम्ही यूपीएसही एकाच प्रकारचे केले, म्हणजे बॅटरी कुठलीही कुठेही बसते, आणि दर मार्चमध्ये उन्हाळ्याआधी सगळ्यांची लोडवर चाचणी घेतो.

वाशीमवाला_दुकानदार

ताई, तुमी ज्या सहा वाजता येणाऱ्या माणसाचं लिहिलं, तसाच मी एक हाव. १६ वर्षं झाली दुकानाले. तुमी आमचा इचार केला म्हणून लिवतो.

सरकारी कामात भाव कमी भेटते त्याचं मले काई वाटत नाई. पैसा कधी येईन ते मालूम नसते, त्याचं वाटते. एका हापिसाचं ४१ हजाराचं बिल दहा महिने अडकलं होतं. नागपूरचा होलसेलवाला मले ३० दिवसाच्या वर उधारी देत नाई. मंग पुढच्या दरपत्रकात म्या भाव वाढवूनच टाकला. लबाडी नाई ती, दहा महिन्याचं व्याज हाय. तुमाले वाटते पुरवठादार महाग हाय, पण महाग ते अडकलेलं बिल हाय.

३० संगणकाची निविदा म्या भरूच शकत नाई, तेवढी अनामत कुठून आणू? नवा माल मोठ्यानं देऊ द्या. पण दुरुस्ती वेगळी काढा. वर्षाचा देखभाल करार करा, दर तीन महिन्याले पैसे द्या, अन् त्यात लिहा का फोन केल्यावर २४ तासात माणूस आला पायजे. नागपूरवाला हे लिहून देईन, पण पाण्यापावसात त्याचा पोरगा येणार नाई. म्या येतो, काहून का माह्यं घरच इथं हाय. अन् कंपनीच्या वॉरंटीतल्या मशीनीले आमाले हात लावू देऊ नका, नाईतर कंपनी तेच कारण सांगून वॉरंटी नाकारते. आमी फक्त पाहून सांगू काय झालं ते, तक्रार तुमी टाका.

भामरागड_रोड

निर्लेखन करताना, म्हणजे जुनं सामान नोंदवहीतून कमी करताना, हार्ड डिस्क काढून घ्या, लाभार्थ्यांचे आधार आणि बँक खाते त्यात असतात. आणि सामान भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्या आणि त्याची पावती जडवस्तू नोंदवहीला लावा.

टेबल_क्रमांक_४

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदार दादा, तुमचं वाचून आधी आमचीच नोंदवही काढली. गेल्या वर्षीची सात देयकं चार महिन्यांपेक्षा जास्त थांबलेली, त्यातली तीन तर केवळ स्वाक्षरीसाठी एका टेबलावर पडलेली. निधीचा प्रश्नच नव्हता. ही यादी मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली आणि देयकांची आठवड्याची बैठक सोमवारी लावली.

टिपणी आज टाकली. खरेदी स्पर्धेतून, वर्षातून एकदा, ठरलेल्या वर्णनाप्रमाणे. दुरुस्तीचा करार वेगळा आणि तालुक्यातच. "एकच पुरवठादार" हे शब्द काढून "एकच तांत्रिक वर्णन" असं लिहिलं, साहेबांनी त्यावर काही बदल केला नाही. सगळ्या टेबलांना मागणीसाठी ३० एप्रिलची तारीख दिली आहे. घरकुल आणि रोहयोवाल्यांनी लगेच होकार दिला, दोन टेबलं अजून "आमचा निधी वेगळा आहे" म्हणतात. त्यांच्याशी बोलेन, जुन्या टिपणीवाल्या काकांचा तो परिच्छेद छापून घेतला आहे.

आणि चंद्रपूरचे दादा, तुम्ही म्हणालात म्हणून ते नऊ डबे पुन्हा काढले. तीन डब्यांवर ३०३ लिहिलेलं होतं. मागच्या खोलीतल्या १०२० मध्ये एक घातलं, चाचणीचं पान सोडलं. काळंभोर, स्वच्छ निघालं. तो प्रिंटर टोनर नाही म्हणून दीड महिना झाकून ठेवला होता.

उरलेल्या सहांपैकी चार ८८ए आहेत. जवळपासच्या कोणत्या शासकीय कार्यालयात एचपीचा पी१००७ किंवा पी१००८ प्रिंटर चालू असेल तर कळवा, हे डबे त्यांना लागतात. साहेब रीतसर हस्तांतरणाला तयार आहेत.