स्टोनवेअरचा बेडूक : पाय तडकतात, ग्लेझ ओघळतं

प्रश्न (सोलापूर): फ्रेंच शिल्पकार झाँ कारिएसच्या धर्तीवर २० सेंमीचा स्टोनवेअरचा (जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीचा) बेडूक करतोय. वाळताना पाय सांध्यात तडकतात आणि भट्टीत १२६० अंशांना राखेचं ग्लेझ (काचेसारखा लेप) खाली ओघळतं. काय चुकतंय?

उत्तर: पाय बारीक, धड जाड, पाय आधी सुकून आकसतात. धड आतून कोरून जाडी सगळीकडे ८-१० मिमी ठेवा, पोटाखाली भोक हवंच. सांधे ओरखडून त्याच मातीच्या घोळाने जोडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा नकोच. पायांना ओलं फडकं, वरून प्लास्टिक, आठवडाभर.

दुसरं उत्तर: राख जास्त झालीय. चाळलेली राख ४० भाग, फेल्डस्पार (वितळून काच होणारं खनिज) ४०, चायना क्ले (पांढरी माती) २० घेऊन आधी मातीच्या तुकड्यावर लावून भाजून बघा. तळाचा १ सेंमी ग्लेझ न लावता कोरा सोडा. थोडा ओघळ मात्र राहू द्या. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनातल्या जपानी भांड्यांनी कारिएसला भुरळ घातली, त्यांची गंमत त्यातच आहे.